हमी सर्वांची, नफा कोणाचा?

जर्मनीतील सीमेन्स एनर्जी या अवाढव्य कंपनीने २०२५ च्या नोव्हेंबरात आपल्या भागधारकांना एक शुभवार्ता दिली. २०२८ च्या आर्थिक वर्षापर्यंत लाभांश आणि शेअरांची पुनर्खरेदी मिळून दहा अब्ज युरोपर्यंतची रक्कम त्यांच्या पदरात पडणार आहे. ही वार्ता वाचताना ज्यांची स्मरणशक्ती शाबूत आहे, त्यांना बरोबर दोन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर आठवल्यावाचून राहिला नसेल. २०२३ च्या १४ नोव्हेंबरला हीच कंपनी जर्मन सरकारच्या दाराशी उभी होती. सरकारने तिच्यामागे साडेसात अब्ज युरोंची, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ६७ हजार कोटी रुपयांची हमी उभी केली, तेव्हा कोठे तिचा श्वास मोकळा झाला. बुडणारा मनुष्य काठाला लागून दोन वर्षांत सधन झाला, तर त्याबद्दल कोणी विषाद मानू नये. तथापि ज्या दोरीने तो वर ओढला गेला तिचे दुसरे टोक कोणाच्या हाती होते, हे विचारण्याचा अधिकार जर्मन करदात्यास आहे. आणि त्या दोरीचा एक पेड मुंबईत वळला गेला असल्याने तो थोडासा आम्हांसही आहे.

हा मुंबईचा पेड कोणता, ते प्रथम सांगितले पाहिजे. हमीच्या त्या व्यवहाराचा एक भाग म्हणून जुन्या सीमेन्सने, म्हणजे जिच्या पोटातून ही कंपनी २०२० साली बाहेर पडली त्या मातृसंस्थेने, तिच्याकडून सीमेन्स लिमिटेड या आपल्याकडील कंपनीचे १८ टक्के शेअर २.१ अब्ज युरो रोख मोजून विकत घेतले. भाव बाजारापेक्षा पंधरा टक्के कमी होता. १९५७ साली नोंदली गेलेली ही कंपनी मुंबईची. ठाणे-बेलापूर रस्त्यावरचा तिचा कळव्याचा कारखाना येथील कित्येक कुटुंबांना पिढ्यान् पिढ्या परिचित आहे. त्या कारखान्यात तयार होणाऱ्या रोहित्रांचा युरोपातल्या पवनचक्क्यांच्या पात्यांशी अर्थाअर्थी काही संबंध नव्हता. पण म्युनिकच्या तिजोरीला खिंडार पडले, तेव्हा ते बुजविण्यासाठी माती येथूनही नेण्यात आली. पुढे या भारतीय कंपनीचे दोन भाग झाले आणि सीमेन्स एनर्जी इंडिया ही नवी कंपनी २०२५ च्या जूनमध्ये आपल्या शेअरबाजारात दाखल झाली. हे सारे कायद्याला धरून झाले, याविषयी वाद नाही. आमचा मुद्दा एवढाच, की जर्मनीतले हे प्रकरण दूरच्या देशाची गोष्ट म्हणून चाळून टाकण्याजोगे नाही.

ही कंपनी करते काय? वायूवर आणि वाफेवर चालणारी टर्बाइने, जनित्रे, रोहित्रे, शेकडो मैलांवर उच्च दाबाने वीज वाहून नेणाऱ्या यंत्रणा, पाण्यापासून हायड्रोजन काढणारी उपकरणे आणि पवनचक्क्या, असा तिचा पसारा आहे. जगातल्या विजेचा सुमारे एक षष्ठांश भाग आपल्या तंत्रविद्येच्या आधाराने निर्माण होतो, असा तिचा दावा आहे. कोळसा आणि तेल यांच्याकडून वारा आणि ऊन यांच्याकडे जगाने जावे, याला सांप्रत ऊर्जासंक्रमण म्हणतात. संक्रमण म्हटले की आपल्याला मकरसंक्रांत आठवते आणि पंचांगकर्ते त्या संक्रमणाची घटका-पळे आधीच छापून ठेवतात. हे दुसरे संक्रमण तसे आकाशातून घडत नाही. ते कारखान्यात, लोखंडात, तांब्यात आणि काचतंतूंत घडवावे लागते, आणि घडविणाऱ्याचा हात चुकला तर ते अडते. सीमेन्स एनर्जीचा हात नेमका तेथेच चुकला.

२०१७ च्या एप्रिलमध्ये सीमेन्सचा पवनविभाग आणि स्पेनमधील गमेसा ही कंपनी एकत्र आली व सीमेन्स गमेसा जन्मास आली. दोन घरांची दोन वळणे, दोन रचना आणि दोन हिशेब एका छपराखाली आले; मने आली की नाही हे त्यांचे त्यांनाच ठाऊक. या जोड-कंपनीचे ६७ टक्के शेअर सीमेन्स एनर्जीकडे होते. तोट्यामागून तोटे येऊ लागल्यावर २०२२ मध्ये तिने ठरविले की उरलेले शेअरही घ्यावेत आणि घर स्वतःच सावरावे. त्यासाठी चार अब्ज युरोंच्या वर किंमत देऊ केली. खरेदी पुरी होऊन काही महिने लोटतात न लोटतात तोच, २०२३ च्या २२ जूनला कंपनीला जाहीर करावे लागले की जमिनीवरच्या पवनचक्क्यांचे भाग अपेक्षेहून फार अधिक प्रमाणात बिघडत आहेत. पात्यांमध्ये दोष होते, बेअरिंगांमध्ये दोष होते आणि बसविलेल्या चक्क्यांपैकी १५ ते ३० टक्क्यांना त्यांची झळ पोहोचू शकेल, असा अंदाज होता. दुसऱ्या दिवशी एका दिवसात कंपनीच्या शेअरचा भाव ३७ टक्क्यांनी कोसळला. त्या आर्थिक वर्षाचा निव्वळ तोटा ४.६ अब्ज युरोंवर गेला. नाकापेक्षा मोती जड झाला तो असा.

पवनचक्कीचे पाते ही वस्तू रस्त्यावरून जाताना पाहणाऱ्यास पंख्याच्या पात्याची थोरली बहीण वाटते. वस्तुतः ८० मीटरांहून लांब असे हे पाते काचतंतूंचे थर राळेत बसवून घडवितात. थर देताना एखादी सुरकुती राहिली तर ती त्या दिवशी कोणास दिसत नाही. वीस-पंचवीस वर्षे अहोरात्र वाऱ्याचे तडाखे खाण्यासाठी ते पाते वर चढते आणि ती सुरकुती आतल्या आत आपले काम करीत राहते. म्हणूनच नवी रचना बाजारात आणण्यापूर्वी तिला वर्षानुवर्षे पारखावे लागते. परंतु गेल्या दशकात या धंद्यात पारख करण्यास सवड कोणाला होती? एका कंपनीने चार मेगावॅटची चक्की काढली की दुसरीने पाचाची काढायची, तिसरीने सहाची. सीमेन्स गमेसाच्या नव्या चक्कीच्या चक्राचा व्यास १७० मीटरांपर्यंत गेला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, या म्हणीला इतके महागडे उदाहरण क्वचितच मिळेल.

या उतावळेपणाचे खापर एकट्या कंपनीच्या माथी फोडणे मात्र न्यायाचे होणार नाही. वीजखरेदीचे लिलाव मांडून जो सर्वांत कमी दर देईल त्याच्या गळ्यात माळ घालण्याची पद्धत सरकारांनीच रूढ केली. २०१७ च्या एप्रिलमध्ये जर्मनीत समुद्रावरच्या पवनवीजप्रकल्पांसाठी शून्य अनुदानाच्या बोली आल्या, तेव्हा सर्वत्र जयजयकार झाला. त्याच वर्षी आपल्याकडेही पवनविजेचे लिलाव सुरू झाले. फेब्रुवारीत युनिटला ३ रुपये ४६ पैसे असा दर निघाला आणि डिसेंबरात गुजरातच्या लिलावात तो २ रुपये ४३ पैशांवर उतरला. दहा महिन्यांत एक रुपया! वीज स्वस्त झाली म्हणून मंत्र्यांनी आपली पाठ थोपटून घेतली. तो एक रुपया कोठून आला, हे विचारण्याचे कोणास सुचले नाही. काही भाग सुधारलेल्या यंत्रातून आला हे खरे. पण उरलेला यंत्र बनविणाऱ्याच्या गल्ल्यातून, आणि शेवटी पारखणीच्या वेळेतून आला, हे सहा वर्षांनी जर्मनीत सिद्ध झाले.

महाराष्ट्राला हा धडा परका नाही. पुण्याच्या सुझलॉनची कहाणी आमचे वाचक विसरले नसतील. १९९५ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने दहा-बारा वर्षांत जगभर चक्क्या उभारल्या आणि २००७ मध्ये थेट जर्मनीतील रीपॉवर ही कंपनी ताब्यात घेतली, तेव्हा मराठी मुलखाची छाती अभिमानाने फुगली होती. लागलीच अमेरिकेत तिच्या पात्यांना तडे गेल्याचे उघडकीस आले आणि बाराशेंहून अधिक पाती दुरुस्त करण्याचा खर्च अंगावर आला. कर्जाचा डोंगर होताच. २०१२ मध्ये परदेशी रोख्यांची परतफेड थकली आणि २०१५ मध्ये ती जर्मन कंपनी विकून टाकावी लागली. येथे सरकारने हमीचा कागद लिहून दिला नाही, हे खरे. पण २०१३ साली आणि पुन्हा २०२० साली तिच्या कर्जाची फेरमांडणी करावी लागली ती स्टेट बँकेच्या नेतृत्वाखालील बँकांना. म्हणजे भार घेतला तो जनतेच्या ठेवींनीच. फक्त त्याचा कोठे उच्चार झाला नाही, आणि उच्चार नसल्यामुळे अटीही जाहीरपणे घातल्या गेल्या नाहीत. सुझलॉन त्यातून उभी राहिली याचा आम्हांस आनंद आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. २०२३ च्या नोव्हेंबरात सीमेन्स एनर्जीच्या वहीत ११२ अब्ज युरोंच्या मागण्या नोंदलेल्या होत्या. हाती इतके काम असलेल्या कंपनीला हमी कशाला लागावी? याचे उत्तर आपल्याकडील कोणताही कंत्राटदार देऊ शकेल. मोठे काम घेताना गिऱ्हाईक आगाऊ रक्कम देते, पण काम पुरे न झाल्यास ती परत मिळेल अशी बँकेची हमी आधी मागते. विजेच्या प्रकल्पांना चार-पाच वर्षे लागतात, म्हणून या हमीपत्रांची थप्पी वाढतच जाते. जितके काम अधिक तितकी हमी अधिक! तोट्याच्या बातमीने बँका बिचकल्या आणि त्यांनी हात आखडता घेतला, की भरल्या ताटावरून उठण्याची पाळी येते. म्हणून एकूण पंधरा अब्ज युरोंच्या हमीची व्यवस्था लावण्यात आली आणि तिच्यातील साडेसात अब्जांच्या पाठीशी जर्मन सरकार उभे राहिले. तिजोरीतून रोकड दिली गेली नाही. सरकारची पत तेवढी उसनी दिली गेली.

कोणी म्हणेल, खाजगी कंपनीने चूक केली, तिला तिच्या कर्माची फळे भोगू द्यावीत. राज्यसंस्थेने मध्ये पडण्याचे कारण काय? व्यापाराच्या सामान्य न्यायाने हे बरोबर आहे. परंतु ज्या कंपनीच्या कारखान्यावर देशाच्या दिव्यांचा प्रश्न अवलंबून आहे, तिला सामान्य न्याय लावता येत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यातला प्रसंग आठवावा. रशियातून जर्मनीला येणाऱ्या वायुवाहिनीसाठी लागणारे एक टर्बाइन दुरुस्तीसाठी कॅनडात माँट्रियलला गेले होते. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर निर्बंध आले. कॅनडाने अपवाद करून ते परत केले. पण रशियाची गॅझप्रॉम कंपनी कागदपत्रांचे निमित्त करून ते स्वीकारीना. ३ ऑगस्टला चॅन्सेलर ओलाफ शोल्त्स हे म्युलहाइम येथे सीमेन्स एनर्जीच्या आवारात त्या यंत्राशेजारी उभे राहिले आणि यंत्र तयार आहे, न्यायचे तर न्या, असे त्यांनी जगाला दाखविले. महिना संपताच वायू बंद झाला. पुढे २०२३ च्या १५ एप्रिलला जर्मनीने आपल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्याही मिटविल्या, आणि त्याच वर्षी तेथील विजेच्या वापरात वारा, ऊन, पाणी इत्यादी स्रोतांचा वाटा प्रथमच निम्म्यावर गेला. मागची दारे बंद करून पुढे निघालेल्या राष्ट्राला पुढची वाट बांधणारा गवंडी मोडू देणे परवडणारे नव्हते. हमी देण्याचा निर्णय आमच्या मते योग्यच होता.

हमी हा शब्द ऐकला की महाराष्ट्राच्या अंगावर काटा उभा राहतो, आणि त्याला कारणही तसेच आहे. गुहागर तालुक्यातील दाभोळ प्रकल्पासाठी एन्रॉनला जी हमी राज्याने दिली आणि जिच्यावर केंद्राने प्रतिहमीची मोहर उठविली, ती काय होती? वीज लागो वा न लागो, डॉलरच्या भावाशी बांधलेल्या दराने तिचे पैसे चुकते करू, असे ते वचन होते. २००१ च्या फेब्रुवारीत १०२ कोटी रुपयांच्या एका महिन्याच्या बिलासाठी कंपनीने केंद्राची प्रतिहमी वटविण्यास काढली. वर्ष संपण्यापूर्वी दाभोळची चाके थांबली होती आणि एन्रॉनने अमेरिकेत दिवाळे काढले होते. जर्मन हमी या जातीची नाही. तिच्याबद्दल कंपनीकडून शुल्क घेण्यात आले. हमी असेपर्यंत भागधारकांना लाभांश नाही आणि संचालकांना बक्षिसी नाही, अशी अट होती. २०२५ च्या मध्यास कंपनीने नव्या बँकव्यवस्थेच्या बळावर सरकारची हमी मुदतीपूर्वी सोडविली. दाभोळच्या करारावर सह्या करणाऱ्यांनी यांतली एक अट जरी लिहून घेतली असती, तरी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची पुढची अवस्था काहीशी निराळी झाली असती.

इतके मान्य करूनही आम्हांस वाटते की जर्मन सरकारने पदरात घ्यावयाचे ते घेतले नाही. हमी मिळाली त्या सुमारास सीमेन्स एनर्जीचा शेअर सात युरोंच्या आसपास घुटमळत होता. २०२५ च्या शरदात तो शंभराच्या वर गेला. ज्यांनी जोखीम सोसली ते करदाते शुल्कावर समाधान मानून बाजूला झाले, आणि उरलेला सारा लाभ भागधारकांचा ठरला. याहून दुसरी रीत बर्लिनला ठाऊक नव्हती असेही नाही. २०२० मध्ये महामारीने लुफ्थान्सा ही विमानकंपनी जमिनीवर आणली, तेव्हा त्याच सरकारने तिचे वीस टक्के शेअर सुमारे ३० कोटी युरोंना घेतले आणि २०२२ पर्यंत ते एक अब्जाहून अधिक किमतीस विकले. विमानासाठी जे सुचले ते विजेसाठी का सुचू नये?

या नव्या भरभराटीचे मूळही पाहण्यासारखे आहे. २०२५ च्या आर्थिक वर्षात कंपनीने १.७ अब्ज युरोंचा नफा मिळविला आणि तिची मागण्यांची वही १३८ अब्जांवर गेली. हा पैसा वाऱ्यातून आलेला नाही. पवनविभाग त्या वर्षीही तोट्यातच होता. तो आला वीजवहनाच्या सामग्रीतून आणि वायूच्या टर्बाइनांतून. अमेरिकेत गणकयंत्रांची प्रचंड कोठारे उभी राहत आहेत, त्यांना रात्रंदिवस वीज हवी, आणि ती वायूवर चालणाऱ्या केंद्रांतून लवकर मिळते. अध्यापनाचे काम केलेल्यांना असा विद्यार्थी ओळखीचा असतो: एकूण गुणांवर वरच्या वर्गात जातो, परंतु ज्या विषयासाठी आईबापांनी त्याला शाळेत घातले त्यातच कच्चा राहतो. २०२० च्या जानेवारीत तत्कालीन सीमेन्सप्रमुख जो केझर यांनी हवामानचळवळीतील तरुणी लुइझा नॉयबाउअर हिला या नव्या कंपनीच्या संचालनात जागा देऊ केली होती. तिने ती नाकारली. त्याच नोव्हेंबरात कंपनीने कोळशाच्या नव्या वीजकेंद्रांसाठी यापुढे बोली लावणार नाही, असे जाहीर केले. तो निर्णय स्तुत्यच होता. वायूचा धंदा कोळशाच्या धंद्याइतका निंद्य आहे, असेही आम्ही म्हणणार नाही. वारा पडतो आणि सूर्य मावळतो, तेव्हा दुसरी सोय लागतेच. परंतु ज्या संक्रमणाचे नाव पुढे करून सार्वजनिक पत मागितली गेली, त्याचा कठीण भाग म्हणजे पवनचक्क्यांचा विभाग अद्याप सुधारावयाचा आहे. २०२४ मध्ये त्या विभागातील ४,१०० नोकऱ्या कमी करण्याचे ठरले. भारतातील पवनव्यवसायाचा ९० टक्के हिस्सा विकण्याचे २०२५ च्या मार्चमध्ये जाहीर झाले. तो विभागच तोडून वेगळा करावा, अशी मागणी भागधारकांतून ऐकू येते. हमीच्या वेळी जे अंग दुखत होते म्हणून सर्वांनी धाव घेतली, तेच अंग आता नकोसे व्हावे, हे आम्हांस खटकते. सरकारने हमीच्या बदल्यात पवनविभागाच्या दुरुस्तीची आणि संशोधनाची काही वर्षांची बांधिलकी लिहून घेतली असती, तर दहा अब्जांच्या वाटपाची वार्ता इतक्या सहजपणे देता आली नसती.

आपल्याकडे आता हाच विषय दारात आला आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२४ च्या जूनमध्ये गुजरात आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यांजवळ एक हजार मेगावॅट सागरी पवनवीज उभारण्यासाठी ७,४५३ कोटी रुपयांच्या साहाय्याची योजना मंजूर केली. कळव्याच्या रोहित्रांच्या कारखान्याची क्षमता दुप्पट करण्याची योजना आहे, आणि जगभर रोहित्रांचा तुटवडा असल्याने तिचे स्वागतच केले पाहिजे. सार्वजनिक पैसा आणि सार्वजनिक पत यांच्याकडे हात पुढे करणाऱ्या कंपन्या, देशी असोत की विदेशी, यापुढे वाढतच जाणार. त्यांना विन्मुख पाठवू नये. पण सर्वांत स्वस्त बोली हीच एकमेव कसोटी ठेवली, तर पात्यातली सुरकुती आपल्याही समुद्रावर चढेल. यंत्राची पारख स्वतंत्र संस्थेकडून व्हावी आणि तिचा अहवाल जनतेपुढे यावा. साहाय्य चालू असेपर्यंत लाभांश व बक्षिसी थांबावी. आणि कंपनी सावरल्यावर तिच्या भरभराटीत सरकारचा, म्हणजे आपणा सर्वांचा, वाटा असावा. ७,४५३ कोटींच्या त्या योजनेखाली जे करार होतील त्यांत ही कलमे असणार की नाहीत, हे केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने सह्या होण्यापूर्वी संसदेत सांगावे आणि करारांचे मसुदे लोकांपुढे ठेवावेत.